नानांची चाल

आमच्या आईचा तबकडीवर विश्वास आहे. साताऱ्याच्या घरी नानांनी हौसेने जमविलेल्या नाट्यपदांच्या रेकॉर्डी होत्या. त्या कडेला धरायच्या, मऊ फडक्याने पुसायच्या आणि अलगद यंत्रावर ठेवायच्या, हे काम लग्नानंतर पहिल्याच वर्षी तिच्याकडे आले. पुढे घरात डीव्हीडीचे यंत्र आले, तेव्हा तिला नवे असे काही शिकावे लागले नाही. कप्पा बाहेर येतो, तबकडी ठेवायची, कप्पा आत जातो, रिमोटवरचे मोठे बटण दाबायचे. बस्स! पेन ड्राइव्ह, मोबाइल, टीव्हीला इंटरनेट जोडणे हे सारे तिच्या लेखी ‘तुमचे’ आहे. तबकडी मात्र ‘आमची’.

गेल्या वर्षी गणपतीत मी साताऱ्यास गेलो होतो. आरती झाली, प्रसाद झाला, आणि पाने मांडता मांडता आई म्हणाली,

“नाना अमेरिकेत तळ्याकाठी फिरायला जायचे, ते धाकट्याने घेतलंय ना? ते मला माझ्या यंत्रावर बघायचंय.”

“त्यात काय! मी आत्ता मोबाइलवर दाखवतो.”

“तू आलास की दाखवशील रे. मला दुपारी एकटीला बघायचंय.”

“बरं, आठ दिवसांत तबकडी करून देतो,” असे मी मोठ्या ऐटीत सांगून टाकले. मी बँकेतून निवृत्त झालेला मनुष्य. एका फाईलची तबकडी करायला कितीसा वेळ लागणार, असा माझा हिशेब. बँकेत एवढा चुकीचा हिशेब मी केला असता तर मला निवृत्त होण्याची वाट पाहावी लागली नसती. त्या आठ दिवसांचे दीड-पावणेदोन महिने झाले.

घाई करण्याजोगे एक कारणही होते. आईचे वय चौऱ्याऐंशी. तिच्या दोन्ही डोळ्यांच्या दृष्टिपटलाचा मधला भाग, ज्याला डॉक्टर मॅक्युला म्हणतात, तो वयोमानाने झिजत चालला आहे. या विकारात मनुष्य अगदी आंधळा होत नाही. कडेचे दिसत राहते, पण नजरेच्या बरोबर मध्यावर जे असेल ते पुसट होत जाते. वर्तमानपत्र सुटले, सुईत दोरा ओवणे सुटले. आता समोरच्याचा चेहरा ओळखू येत नाही, आवाजावरून ओळखते. “दाखवायचं ते लवकर दाखवा,” असे डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितले होते.

पुढे, पुढे, पुढे!

२००५ सालच्या उन्हाळ्यात नाना आणि आई माझ्या धाकट्या भावाकडे न्यू जर्सीत तीन महिने राहून आले. भावाने तेव्हा नवा कॅमेरा घेतला होता. त्यात काड्यापेटीएवढ्या छोट्या कॅसेटी बसत. त्याने नानांचे फिरणे, नातवाला सायकल शिकवणे, आईने अंगणात घातलेले पापड असे सगळे टिपून ठेवले. नाना २०११ साली गेले. पुढे भावाच्या तळघरात पाणी शिरले आणि कॅसेटी भिजून फुकट गेल्या. नशिबाने त्याने त्याआधीच त्या संगणकावर उतरवून, जागा वाचावी म्हणून दाबून लहान केल्या होत्या. त्यातली पन्नास मिनिटांची एक फाईल उरली होती. ती त्याने मला पाठविली.

आमच्या चिरंजीवांना बंगळूरला फोन केला. “बाबा, आता डिस्क कोण बघतं?” हा त्यांचा पहिला प्रश्न. “तुझी आजी बघते,” हे माझे उत्तर. त्यावर त्यांनी एका प्रोग्रॅमचे नाव सांगितले. आजकालच्या संगणकात तबकडीचा कप्पाच नसतो, म्हणून बाहेरून जोडायचा एक रायटर विकत आणला. प्रोग्रॅम सुरू केला. त्याने एकामागून एक प्रश्न विचारले आणि मी प्रत्येकाखाली असलेले ‘पुढे’ हे बटण दाबीत गेलो. पुढे, पुढे, पुढे! दीड तासाने तबकडी तयार झाली. एवढे सोपे असताना लोक कशाचा बाऊ करतात कोण जाणे, असे सौभाग्यवतींना ऐकू जाईल अशा बेताने म्हणून मी दुसऱ्या दिवशी सकाळची एस. टी. धरली.

आईने तबकडी स्वतः लावली. ती हल्ली टीव्हीपुढे जवळ बसते आणि मान जराशी वळवून कडेने पाहते. पडद्यावर तळे आले, झाडे आली, आणि मागे हात बांधून चाललेले नाना आले. मला गहिवरून आले. आई मात्र गप्प. थोड्या वेळाने तिने विचारले,

“हे कोण चालतंय?”

“अगं, नाना!”

“छे! ह्यांची चाल अशी नव्हती. हे कोणीतरी ठेचकाळत चाललंय.”

मी नीट पाहिले. खरेच होते. नाना पाऊल उचलीत, ते सरळ पुढे न जाता सारखा बारीक हिसका बसे. कॅमेरा तळ्यावरून फिरला की झाडेही हिसके देत सरकत. नाना बाकावर बसून बोलू लागले की सारे ठीक. उठून चालू लागले की पुन्हा ठेचा. आईने तबकडी काढून माझ्या हातात दिली. “बिघडलंय काहीतरी. बघ जमलं तर,” एवढेच म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, आणि त्याचेच मला वाईट वाटले.

दुसरी तबकडी: आगीतून फुफाट्यात

पुण्यास परत येताना खंबाटकीचा घाट उतरेपर्यंत माझा निष्कर्ष तयार झाला होता. माल हलका पडला! प्रोग्रॅमने चित्राची प्रत मध्यम धरली असणार. घरी येताच मी सगळ्या कळा वरच्या टोकाला नेऊन ठेवल्या. चित्र सर्वोत्तम, आवाज सर्वोत्तम, तबकडी लिहिण्याचा वेग सर्वांत जास्त. तबकड्याही कोपऱ्यावरच्या दुकानातून पन्नासांच्या चळतीने स्वस्तात आणल्या.

साताऱ्याच्या यंत्राने ही दुसरी तबकडी पाहून हायच खाल्ली. नानांच्या पायातला हिसका होता तस्साच राहिला. शिवाय आता मधूनच चित्र गोठून उभे राही, आवाज तुटे, आणि मग चित्र एकदम चार पावले पुढे उडी मारी. शेवटच्या दहा मिनिटांत तर पडद्यावर चौकटी चौकटींची गोधडी झाली. आईने या खेपेस काहीच विचारले नाही. उठून चहा टाकायला गेली.

मी फाईलला दोष दिला, भावाला दोष दिला, यंत्र जुने झाले म्हणून आईला नवे घेऊन देण्याची भाषा केली. “यंत्राला काही झालेलं नाही,” आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “कीर्तनाची तबकडी छान चालते त्याच्यावर.” तो पुरावा बिनतोड होता. पण तेवढा पुरावा वापरण्याची अक्कल मला तेव्हा झाली नाही.

तीन प्रश्न

आमच्या पेठेत रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त करणारे एक वयस्क गृहस्थ आहेत. दुकान आता नावापुरते उघडतात. खांद्यावर पंचा, समोर सोल्डरिंगची लेखणी आणि बाजूला चहाचा पेला. दोन्ही तबकड्या घेऊन मी त्यांच्याकडे गेलो आणि माझी कर्मकथा सांगू लागलो. त्यांनी हात वर करून मला थांबविले.

“तीन गोष्टी सांगा. सतत ठेचकाळतं की अधूनमधून? सुरुवातीपासून की शेवटी शेवटी? आणि हेच संगणकावर, तबकडी न करता पाहिलंत तर ठेचकाळतं का?”

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मी दिली. तिसऱ्याचे माझ्याजवळ नव्हते. मी ते कधी पाहिलेच नव्हते!

“वैद्य नाडी बघितल्याशिवाय काढा देत नाही,” ते म्हणाले. “तुम्ही तर नाडी न बघताच सगळे काढे एकदम पाजलेत. तुमच्याकडे एक नाही, तीन आजार आहेत. पहिला मूळचा. दुसरे दोन तुम्ही औषध म्हणून आणलेत.”

त्यांनी भावाची मूळ फाईल संगणकावर लावली. नाना तळ्याकाठून सरळ, संथ चालत गेले. कुठे हिसका नाही. मग त्यांनी मीडियाइन्फो नावाच्या एका फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ती फाईल उघडली आणि एका आकड्यावर बोट ठेवले: सेकंदाला २९.९७ चित्रे. मग माझी पहिली तबकडी लावली. तिचा आकडा होता २५.

“सापडला चोर!” ते म्हणाले.

सेकंदाला किती चित्रे?

हा चोर समजून घ्यायचा तर थोडे मागे जावे लागते. चलच्चित्र म्हणजे भराभर बदलणारी स्थिर चित्रे, हे आपण शाळेत शिकतो. पण ती किती भराभर, यावर जगाचे एकमत नाही. मूकपटांच्या काळात, म्हणजे १९१३ साली दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला त्या सुमारास, कॅमेरे हाताने फिरवीत आणि सेकंदाला साधारण सोळा ते वीस चित्रे घेतली जात. पुढे बोलपट आले आणि चोवीस हा आकडा ठरला. सोळाची फिल्म चोवीसच्या वेगाने दाखविली की माणसे तुरुतुरु पळू लागतात. जुन्या मूकपटांतली माणसे अशी पळताना आपण पाहिली आहेत. त्या काळची माणसे काही तशी चालत नसत.

टीव्हीचा आकडा विजेवरून ठरला. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची, म्हणून आपल्याकडे त्याच्या निम्मी, पंचवीस चित्रे. रंगीत चित्रणाची जी पद्धत आपण स्वीकारली तिचे नाव पाल. अमेरिकेत वीज साठ आवर्तनांची, म्हणून तिथे तीस चित्रे. १९५३ साली रंग आणताना त्यांनी ते तीस किंचित कमी करून २९.९७ केले. त्या पद्धतीचे नाव एनटीएससी. डीव्हीडी १९९६ साली जपानात प्रथम विक्रीला आली, तेव्हा तिनेही या दोन्ही पद्धती तशाच ठेवल्या.

आता माझ्या ‘पुढे, पुढे’चा प्रताप पाहा. प्रोग्रॅमने विचारले होते, पाल की एनटीएससी? खूण आधीच पालवर होती. मी पुढे गेलो. न्यू जर्सीत टिपलेली तीस चित्रे पंचवीसच्या चौकटीत बसवायची, म्हणून प्रोग्रॅमने जवळजवळ दर सहावे चित्र उचलून फेकून दिले. दादऱ्याच्या सहा मात्रांतली सहावी मात्रा तबलजीने दर खेपेस गिळावी, तसा हा प्रकार. बाकावर बसून बोलणाऱ्या माणसाचे सहावे चित्र गेले तरी पाचवे आणि सातवे सारखेच असते, म्हणून कळत नाही. चालणाऱ्या माणसाचे गेले की पावलात खड्डा पडतो. सेकंदाला पाच खड्डे!

“उलटही होतं,” ते गृहस्थ म्हणाले. “पंचवीसची तीस करायला गेलं तर दर पाचवं चित्र दोनदा येतं. तिथं हिसका नाही, अडखळ बसते. उपाय एकच. ज्या ताटात वाढलंय त्याच ताटात जेवावं. अमेरिकेतलं चित्रण असेल तर तबकडीही एनटीएससीच करावी. आपल्याकडची बहुतेक यंत्रं दोन्ही चालवतात.”

दुधाचे कॅलेंडर

राहिले दोन आजार. ते समजण्यासाठी ‘दाबून लहान केलेली फाईल’ म्हणजे काय ते पाहू.

आपल्या घरी भिंतीवर दुधाचे कॅलेंडर असते. त्यावर रोज ‘एक लिटर, एक लिटर’ असे कोणी लिहीत नाही. महिन्याच्या सुरुवातीला रतीब ठरतो आणि मग फक्त खाडा किंवा जास्तीचे दूध तेवढे लिहायचे. दाबलेल्या चित्रफितीत हेच असते. एक चित्र पूर्ण साठवायचे आणि पुढच्या चित्रांत काय बदलले तेवढेच लिहायचे. तळे तेच, झाडे तीच. नानांचे पाऊल तेवढे हलले. संगणकासाठी केलेल्या फाईलीत कधी कधी दोन-अडीचशे चित्रांतून एकच पूर्ण चित्र असते, म्हणून ती लहान होते. डीव्हीडीला मात्र एवढा लांबचा हिशेब चालत नाही. एनटीएससीत अठरा आणि पालमध्ये पंधरा चित्रांच्या आत पूर्ण चित्र पुन्हा यावेच लागते. म्हणून फाईलीपेक्षा तिची तबकडी कित्येक पट मोठी होते. मोठी झाली म्हणून चित्र अधिक स्वच्छ होत नाही. ताकाचे दही होत नाही, तसेच हे.

आणि तबकडीवरून सेकंदाला किती माल उचलायचा याला मर्यादा आहे. माल मोजायचे माप म्हणजे बिट. डीव्हीडीवर चित्र आणि आवाज मिळून सेकंदाला जास्तीत जास्त १ कोटी ८० हजार बिट चालतात. त्यात एकट्या चित्राची मर्यादा ९८ लाखांची. मी चित्राला ९८ लाख दिले आणि आवाज अजिबात न दाबता ठेवला, त्याचे १५ लाख ३६ हजार. बेरीज १ कोटी १३ लाख ३६ हजार! जन्मभर बेरजा केलेल्या माणसाने ही बेरीज करून पाहिली नव्हती. यंत्राला घास मोठा झाला की ते थांबते, गिळते, आणि मग पुढे उडी मारते. अधूनमधून गोठण्याचे कारण हे.

तिसरा आजार शेवटच्या दहा मिनिटांचा. तबकडी आतून बाहेर लिहिली जाते. शेवट कडेला येतो. स्वस्त तबकडी आणि भरधाव लिहिणे यांचा परिणाम बहुधा तिथे दिसतो. सुरुवात चांगली आणि शेवट खराब असेल तर संशय आधी तबकडीवर घ्यावा.

ते सांगत होते आणि मी वहीत टिपत होतो. ज्यांच्या घरी असे काही पडून आहे त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून ते टिपण इथे देतो.

एक: मूळ फाईल आधी संगणकावर पाहा. तीच अडखळत असेल तर तबकडी करून ती सुधारणार नाही. आणि मूळ फाईल कधीही बदलू नका. काम नकलेवर करा.

दोन: सेकंदाला किती चित्रे ते पाहा आणि तबकडीची पद्धत त्याला जुळती निवडा. चोवीस चित्रांचा सिनेमा असेल तर पालसाठी त्याला किंचित पळवतात. अडीच तासांचा सिनेमा १४४ मिनिटांत संपतो, पण चाल मोडत नाही. चित्र गाळण्यापेक्षा ते बरे.

तीन: चित्राला सरासरी ६० लाख आणि जास्तीत जास्त ८० लाख बिट पुष्कळ झाले. आवाज एसी-३ पद्धतीने दाबून १ लाख ९२ हजारांत ठेवा. या मापाने दीड तासाचे चित्रण ४.७ जीबीच्या साध्या तबकडीवर बसते. दोन तासांचे असेल तर सरासरी ४५ लाखांवर आणा.

चार: लिहिण्याआधी तयार झालेला डीव्हीडीचा फोल्डर संगणकावर चालवून पाहा. तिथेच हिसके असतील तर दोष रूपांतराचा. तिथे ठीक आणि यंत्रावर खराब असेल तर दोष तबकडीचा नाहीतर यंत्राचा. निम्मे भांडण इथेच मिटते.

पाच: प्रयोग पुसून पुन्हा लिहिता येणाऱ्या तबकडीवर करा. शेवटची प्रत चांगल्या तबकडीवर, कमी वेगाने लिहा.

सहा: जुन्या कॅमेऱ्यात प्रत्येक चित्र दोन अर्धुकांत, एकाआड एक ओळींनी टिपलेले असते. कोणते अर्धुक आधी याचा क्रम चुकला तर माणूस एक पाऊल पुढे, अर्धे मागे असा थरथरत चालतो. असे दिसले तर तो क्रम उलटा करून पाहा.

सात: मोबाइलवर घेतलेल्या चित्रणात सेकंदाची चित्रे कमीजास्त होत राहतात. आधी ती एका ठरावीक आकड्यावर आणावी, नाहीतर ओठ आणि आवाज यांची हळूहळू फारकत होते.

आणि आठवे, जे त्यांनी सर्वांत ठासून सांगितले: एका वेळी एकच गोष्ट बदला.

मी निघताना त्यांनी सहज विचारले, “आईंना चेहरे दिसत नाहीत म्हणता. मग त्यांनी पहिल्याच तबकडीत हिसका ओळखला कसा?”

मी थबकलो. डॉक्टरांनी सांगितलेले आठवले. डोळ्याचा मधला भाग चेहरे ओळखतो, अक्षरे वाचतो. हालचाल टिपण्यात कडेचा भागही पटाईत असतो. आईचा कडेचाच भाग शाबूत होता. तिच्यापुरते नाना त्यांच्या चालण्यात उरले होते आणि मी नेमके तेच मोडून ठेवले होते. वर दुसऱ्या खेपेस चित्र स्वच्छ करायला निघालो होतो, जे तिला दिसणारच नव्हते.

वसुबारस

घरी येऊन मी डीव्हीडीस्टायलर हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम घेतला आणि या खेपेस प्रत्येक प्रश्न वाचून उत्तर दिले. पद्धत एनटीएससी. चित्र ६० लाख. आवाज एसी-३. फोल्डर संगणकावर चालवून पाहिला. नाना सरळ चालले. पुसता येणाऱ्या तबकडीवर उतरवून आमच्या यंत्रावर पाहिला. सरळ चालले. मग चांगली तबकडी आणून सावकाश लिहिली आणि वसुबारसेला आम्ही दोघे साताऱ्यास गेलो.

आईने तबकडी पुसली, लावली, बटण दाबले. तळे आले. झाडे आली. नाना आले, आणि पायात पुन्हा तोच हिसका!

माझ्या पोटात गोळा आला. सौभाग्यवती माझ्याकडे आणि मी भिंतीकडे पाहू लागलो. मग टिपणातले चौथे कलम आठवले: संगणकावर ठीक आणि यंत्रावर खराब. आमच्या यंत्रावर हीच तबकडी बरी चालली होती, म्हणजे तबकडी निर्दोष. उरले हे यंत्र. मी रिमोट घेतला आणि कधी न उघडलेल्या मांडणीच्या यादीत शिरलो. ‘टीव्हीचा प्रकार’ असा एक रकाना होता. त्यात ‘पाल’ असे ठरवून ठेवलेले. म्हणजे मी पुण्यात जे करणे थांबविले, तेच हे यंत्र साताऱ्यात आपण होऊन करीत होते. खूण ‘ऑटो’वर नेली. पडदा क्षणभर काळा झाला.

मग नाना चालू लागले. मागे हात बांधलेले, डावा खांदा जरा उतरलेला, पावले लांब आणि संथ. तळ्याच्या कडेने, झाडाखालून, वळणाकडे.

आई मान वळवून पाहत होती. “आता थांबतील बघ,” ती म्हणाली.

नाना वळणावर थांबले. मागे वळून पाहिले नाही, नुसते थांबले. आणि पडद्याच्या उजव्या कडेने, पदर सावरीत, दोन हजार पाच सालची आई हळूहळू चालत आली. ती त्यांच्याजवळ पोचली तेव्हा ते पुन्हा चालू लागले.

“जन्मभर पुढेच चालायचे,” आई म्हणाली, “पण वळणावर थांबायचे. तुम्हां मुलांना ते कधी दिसलं नसेल.”

खरोखरच दिसले नव्हते. ही फाईल मी वीसेक वेळा पाहिली असेन. हिसके मोजण्याच्या नादात नाना कोणासाठी थांबले ते मी पाहिलेच नव्हते.

मी तबकडीच्या दोन प्रती केल्या आहेत, आणि मूळ फाईल दोन वेगवेगळ्या जागी जपून ठेवली आहे. कारण घरी लिहिलेली तबकडी काही अक्षय नसते. आईची प्रत नाट्यपदांच्या रेकॉर्डींशेजारी उभी असते. यंत्राची ती खूण मात्र कोणी चुकूनही हलवू नये म्हणून रिमोटवरचे ते बटण तिने चिकटपट्टीने बंद करून टाकले आहे. दुपारी जेवण झाले, मागचे आवरले, की ती तबकडी काढते, मऊ फडक्याने पुसते, आणि कडेला धरून कप्प्यात ठेवते.